मालकांच्या कवळीची थट्टा

थट्टेने माणसं जवळ येतात. थट्टा माणसामाणसांतली भिंत पाडते, धाकट्याला थोरल्याच्या शेजारी बसवते आणि वर्षभराची अढी एका हशात धुऊन टाकते. हे विचार कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबच्या मालकांचे होते. वार्षिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळी, ते दरवर्षी याच शब्दांत मांडत. ते मांडत असताना त्यांच्या पाठीला कोणीतरी चिकटवलेला कागद पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत असे.

लॅब म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर दिवे, दिव्यांखाली माणसांचे जबडे. प्लास्टरची पांढरी धूळ सगळ्यांच्या केसांवर सारखीच बसायची, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळे एकाच वयाचे दिसत. एका टोकाला काचेची केबिन होती, तिच्यात मालक बसत. दुसऱ्या टोकाला पॉलिशचं मशीन होतं, तिथे पॉलिशवाला बसे. त्याला सगळे चकाकी म्हणत. मधोमध मास्तर. मास्तर लॅबमधले सर्वांत जुने कारागीर. कुठल्याही अनोळखी तोंडात, त्या तोंडाला आपलेच वाटतील असे दात बसवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दातांवरच्या म्हणी आणि वाक्प्रचार यांना लॅबमध्ये बंदी होती. नीतीचा प्रश्न नव्हता. सगळे वापरून संपले होते.

सुट्टीच्या थट्टेचा नियम मालकांनीच घालून दिला होता. त्या एका दिवशी लॅबने मालकांची हवी तशी फजिती करायची आणि मालकांनी हसायचं. रागवायचं नाही, नंतर उट्टं काढायचं नाही. मालक हा नियम इतक्या निष्ठेने पाळत की थट्टा करणाऱ्यांनाच कधीकधी कंटाळा येई. एका वर्षी बशीत प्लास्टरची बिस्किटं ठेवली होती, वरून साखर भुरभुरवून. मालकांनी एक उचललं, वजन पाहिलं, हसले आणि खाली ठेवलं. ते चावलं डिलिव्हरीवाल्याने. त्याला थट्टा माहीत होती, पण त्याच्या मते सगळीच बिस्किटं काही प्लास्टरची नसणार. त्याचा जो दात गेला तो लॅबने पुढे प्रेमाने बसवून दिला.

यंदाची कल्पना चकाकीची होती, असं मास्तर नंतर सांगत. चकाकीच्या मते ती मास्तरांची होती. कवळीची होती, यावर दोघांचं एकमत होतं.

मालकांना कवळी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रविवारी लॅब बंद असताना त्यांनी ती एकट्याने, स्वतःच्या हाताने बनवली आणि सोमवारी घालून आले. त्याआधी ते हसताना तोंडावर हात धरत. त्या सोमवारपासून हात खाली आला. मास्तरांनी जेवायच्या सुट्टीच्या आत ओळखलं. समोरचे दोन दात किंचित आत झुकवायची सवय मालकांचीच. चकाकीने चमक पाहून ओळखलं. डिलिव्हरीवाल्याला कोणीतरी सांगितलं. या धंद्यात माणूस भेटला की आधी तोंडात बघतात, चेहरा मागाहून. तेव्हा ही गोष्ट लॅबमध्ये छतातल्या गळतीसारखी झाली होती. सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी बोलत नाही.

मालक मात्र शाळाशाळांत जाऊन मुलांना दात कसे घासावेत ते शिकवत. "माझ्याकडे बघा," ते म्हणत, "या वयात एकही दात पडलेला नाही." आणि मुलं बघत.

रोज जेवण झालं की ते केबिनमध्ये खुर्ची मागे कलती करून, तोंडावर रुमाल टाकून डुलकी काढत. कवळी तेवढा वेळ खालच्या खणात, झाकणाच्या डबीत. अशाच एका डुलकीत चकाकी मोजे घालून आत गेला आणि डबी घेऊन बाहेर आला. मास्तरांनी ठसा घ्यायचा लगदा मळून तयार ठेवला होता. मालकांनी घोरण्याची लय बदलायच्या आत ठसा निघाला, कवळी धुऊन पुसून परत खणात गेली.

पुढचे काही दिवस मास्तरांनी जन्मात केलं नव्हतं इतकं मन लावून काम केलं. कवळीतून शिट्टी वाजते, अशी तक्रार घेऊन पेशंट येतात. 'स' म्हटला की फुर्रर. ती शिट्टी कुठून येते आणि कशी घालवायची हे मास्तरांना झोपेतही सांगता आलं असतं. आता तेच उलट करायचं होतं. टाळूमागे कुठे केसभर खरवडायचं, दाढांच्या बाजूला कुठे केसभर चढवायचं. बाहेरून बघायला दोन्ही कवळ्या जुळ्या बहिणी.

"वाजेल का हो?" चकाकी विचारायचा.

"दुसऱ्याच्या तोंडातली शिट्टी आहे," मास्तर म्हणायचे. "खात्री कोण देणार? पण वाजेल."

मेणवाली शेजारच्या टेबलावर मेणात दात लावत बसलेली असे. ती लॅबमध्ये नवी होती. "कोणाचं आहे हे?" तिने एकदा विचारलं.

"साहेबांचं. सुट्टीची गंमत. भाषणात शिट्टी वाजणार, मग आपण टाळ्या वाजवायच्या आणि खरी कवळी बशीतून द्यायची. रुमालाखाली झाकून. एकदम झोकात," मास्तर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा दात उचलला.

त्याच आठवड्यात मालकांची एक वेगळी तयारी चालली होती. काचेमागे ते एकटेच बसून ओठ हलवताना दिसत. एकदा मास्तर सही घ्यायला आत गेले तेव्हा ते दचकून थांबले.

"यंदा सुट्टीत दादांकडे जातोय," ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दोघांत बोलणं नव्हतं, इतकं मास्तरांना माहीत होतं. का नव्हतं, ते ठाऊक नव्हतं.

"वा! छानच की, साहेब."

"छान कसलं! बोलायचंय त्यांच्याशी. जुनं आहे एक. आता दोघंही म्हातारे झालो. समोर बसून, नीट, एकेक शब्द सुटा सुटा करून सांगायचंय. नाहीतर मी भडाभडा बोलतो आणि सगळं विसकटतं." मग ते हसले, हात खाली ठेवूनच. "चार वाक्यं पाठ करतोय, झालं. शाळेतल्यासारखी."

मास्तर बाहेर आले, साहेब सुट्टीत भावाशी बोलायला जाताहेत हे मेणवालीला सांगितलं आणि शिट्टी बसवू लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही. कसबी माणसाचं हे असंच होतं. हात चालायला लागले की डोक्याला सुट्टी.

चहाचा दिवस आला. डुलकीत अदलाबदल झाली. मालक उठले, खण उघडला, रुमालाआड तोंड फिरवलं आणि बाहेर आले. सगळे टेबलं सोडून उभे होते. समोशांची ताटली होती, ते खरे होते. मास्तरांच्या हातात बशी, तिच्यावर रुमाल.

मालकांनी घसा साफ केला. "सहकाऱ्यांनो..."

वाजली. मास्तरांनी मनात जशी ऐकली होती तशीच, बारीक आणि स्वच्छ, चहा झाल्याचं सांगणाऱ्या किटलीसारखी. चकाकीने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

मालक थांबले. जीभ आतून कुठेतरी फिरल्याचं गालावर दिसलं. "सालाबादप्रमाणे," त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तेच. "सगळ्यांनी..." डिलिव्हरीवाल्याने तोंडात समोसा कोंबला होता. तो त्याला आवरला नाही. समोशासकट हशा बाहेर पडला आणि मग सगळेच हसले, टेबलांना धरून, डोळे पुसत. मास्तरही हसले. बशी हलू नये एवढी काळजी घेऊन.

मालक हसले नाहीत.

नियम घालून दिल्यापासून ही पहिलीच वेळ. त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि तोंडावर बसला, त्या जुन्या जागी, जिथून तो कित्येक वर्षांपूर्वी खाली आला होता. ते एकेका चेहऱ्याकडे बघू लागले. हसणाऱ्यांना वाटलं, आता म्हणतील, पकडलंत रे चोरांनो. ते हातामागून म्हणाले, "आभारी आहे. बरं, या आता." एकही 'स' नसलेली वाक्यं शोधून काढली होती त्यांनी, उभ्या उभ्या. मग केबिनमध्ये गेले, पिशवी उचलली आणि सर्वांच्या मधून, तोंडावर रुमाल धरून, दाराबाहेर पडले.

मास्तर बशी धरून उभेच होते.

"काय झालं?" चकाकी म्हणाला. "नियम नियम म्हणतात आणि... एवढंसं काय लागलं त्यांना?"

मेणवाली म्हणाली, "साहेबांना माहीत होतं ना, आपल्याला माहितीये ते?"

"काय?"

"कवळी आहे ते."

"अख्ख्या लॅबला माहितीये ताई."

"तेच विचारतेय. अख्ख्या लॅबमध्ये साहेब धरले होते का?"

ज्यांनी आयुष्यभर लोकांची कवळी लोकांपासून लपवून दिली, त्यांच्यातल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. तो आता सगळ्यांना एकदम पडला आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघेनासा झाला. ते कठीण होतं, सवय होती.

"आता ही कोण नेऊन देणार?" मास्तरांनी विचारलं. बशीवरचा रुमाल कोणी काढला नाही.

सगळ्यांनी डिलिव्हरीवाल्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी दवाखान्यात देतो. घरी नाही देत." तो म्हणाला. "शिवाय मी सर्वांत मोठ्याने हसलो."

"गुपचूप खणात ठेवून देऊ," चकाकी म्हणाला. "सुट्टीनंतर आले की मिळेल. आपण काही बोलायचं नाही, ते काही बोलणार नाहीत. मिटलं."

"आणि तोवर?" मेणवालीने विचारलं. "उद्या गावाला जायचंय ना त्यांना? भावाशी बोलायला?"

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्याची सुट्टी संपली. चार वाक्यं. सुटा सुटा एकेक शब्द. त्यांनी कवळी पुसली, आपल्या जेवणाच्या डब्यातली लोणच्याची डबी घासून घेतली, तिच्यात कवळी ठेवली आणि निघाले. चकाकी दारापर्यंत आला. "येऊ का बरोबर?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परत आत गेला.

मालकांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार वहिनींनी उघडलं, म्हणजे मालकांच्या बायकोने. बाहेरच्या खोलीत भरलेली बॅग उभी होती. तिच्यावर इस्त्रीचा सदरा.

"या मास्तर. बघा ना, आल्यापासून आतच बसलेत. उद्याचं रद्द म्हणतात. विचारलं तर मान हलवतात. लॅबमध्ये काही झालं का?"

"नाही... हो. म्हणजे थोडं," मास्तर म्हणाले.

आतल्या खोलीत मालक टेबलाशी बसले होते. टेबलावर दिवा, दिव्याखाली हातरुमाल पसरलेला, आणि रुमालावर शिट्टीची कवळी उलटी. हातात भिंग. वाटेत त्यांनी तीन निरनिराळी खोटी कारणं तयार केली होती. एकात उंदीर होता.

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कवळी उचलून तोंडात बसवली आणि मग बोलले. प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती. ती लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"टाळूमागे खरवडलंत. सुंदर. आणि इथे दाढेशी चढवलंत, बरोबर?"

"साहेब..."

"दोन्ही एकदम कमी लोकांना जमतं. मला नसतं जमलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "घरी येऊन दिव्याखाली धरली आणि हात ओळखला. बसा."

मास्तर उभेच राहिले. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर त्यांना बसता आलं असतं.

"गंमत होती, साहेब. लगेच परत देणार होतो. टाळ्या वाजवून." हे वाक्य लॅबमध्ये बरं वाटत होतं. "आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल की आम्हाला ठाऊक आहे."

"कोणाकोणाला?"

"मला. चकाकीला." मास्तरांनी लोणच्याच्या डबीचं झाकण फिरवायला सुरुवात केली. "मेणवालीला. प्लास्टर ओतणाऱ्या दोघांना. डिलिव्हरीवाल्याला."

"म्हणजे दवाखान्यांनाही."

मास्तर झाकण फिरवत राहिले.

"चहावाल्याला?"

"तो म्हणाला, त्याला वाटलंच होतं."

मालक मान डोलवत राहिले. "आणि मी शाळेत पोरांना 'माझ्याकडे बघा' म्हणतो."

"साहेब, नियम माझ्याकडून मोडला. शिक्षा द्या काय ती."

"तुमच्याकडून कुठे? नियम माझ्याकडून मोडला. हसायचं होतं, हसलो नाही." आणि ते हसले. नियम होता म्हणून, उशिरा, एकट्याने, मास्तरांच्या तोंडाकडे बघत. ते हसू नीट यायलाही वेळ लागला. मास्तरांनी आयुष्यात लोकांची अनेक उघडी तोंडं पाहिली होती. एवढं उघडं कोणाचंच पाहिलं नव्हतं. त्यांनी जमिनीकडे पाहिलं. फरशी स्वच्छ होती.

"नियम का केला ठाऊक आहे?" मालक म्हणाले. "दादांना टोप होता. केसांचा. तरुणपणीच टक्कल पडलं होतं. त्यांच्या सासरची माणसं घरी जेवायला आली होती, सुट्टीचे दिवस, मी हुशार. टोपाला दोरा बांधला, दोऱ्याचं दुसरं टोक पंख्याला. मग दादांच्या बायकोला म्हटलं, वहिनी, उकडतंय, पंखा लावा."

मास्तरांना ते चित्र दिसलं आणि हसू आलं. ते आलं याची त्यांना इतकी लाज वाटली की खोकला काढावा लागला.

"हसा. सगळे हसले. टोप वर गोल गोल फिरत होता. मला वाटलं होतं, सगळ्यांना माहीतच आहे. सासरच्यांना नव्हतं. दादा जेवण पुरं करून उठले. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. म्हटलं, आपण दरवर्षी आपली फजिती करून घेऊ, हसून दाखवू. म्हणजे थट्टा कशी सोसायची ते येईल आपल्याला. बरीच वर्षं छान जमत होतं. आज कळलं, बिस्किटांना हसत होतो."

मास्तरांनी डबी टेबलावर ठेवली. झाकण निघालं होतं. लोणच्याचा वास पूर्ण गेला नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं. "उद्या जा साहेब. ही घालून जा. मी धुतलीये... पुन्हा धुवा. पण जा."

"सगळ्यांनी बघितलं, मास्तर."

"आम्ही बघितलं. दादांनी नाही."

दारात वहिनी पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेले टेबलावर ठेवायला जागा केली, एक कवळी डबीत होती ती डावीकडे सरकवली. मालकांनी तोंडावर हात धरला. फार उशीर झाला होता.

"उद्या यातली कुठली घालणार आहात?" वहिनी म्हणाल्या. "दुसरी बॅगेत ठेवते, असू दे जास्तीची."

मालकांनी बायकोकडे पाहिलं. हात तसाच.

"तुला..."

"चहा ठेवते," वहिनी म्हणाल्या. "मास्तर, साखर कमी ना?"

मास्तरांनी चहा घेतला, कारण नाही म्हणायला तोंड वर करावं लागलं असतं.

सुट्टी संपली. लॅब उघडली. चकाकी मशीन सुरू करून बसला, पण पॉलिशला काहीच नव्हतं, नुसतंच चाक फिरत होतं. मालक आले, सगळ्यांना नमस्कार केला, केबिनमध्ये गेले. दुपारी जेवण झाल्यावर ते केबिनमधून बाहेर आले, सगळ्यांचं बेसिन होतं तिथे उभे राहिले, कवळी काढली, नळाखाली धुतली आणि डुलकीपुरती बेसिनच्या कडेला डबीत ठेवून गेले. झाकणही लावलं नाही. पुढे रोज हेच. लपवाछपवी उरली नव्हती आणि लॅबला ती परत हवी होती. हात धुवायला जो तो बाहेरच्या नळावर जाऊ लागला. शाळांचे फोन आले की मालक म्हणत, आता दुसऱ्या कोणाला बोलवा. पुढच्या वर्षीच्या थट्टेचा विषय कोणी काढला नाही. मालकांनी काढला, तेव्हा सगळ्यांना एकदम काम आठवलं.

मास्तरांना एकच विचारायचं होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. शेवटी एक सही घ्यायला गेले असताना, सही झाल्यावरही ते उभे राहिले.

"गेला होतात, साहेब?"

"गेलो होतो."

"आपली... जुनीच घालून?"

"जुनीच. शिट्टी नाही, काही नाही. समोर बसलो. चारही वाक्यं बोललो, न अडखळता. शब्द सुटे सुटे, जसे ठरवले होते तसे."

मास्तरांच्या छातीवरचं काहीतरी उतरायला लागलं. "मग दादा काय म्हणाले?"

"माझा हात हातात घेतला. प्रवास कसा झाला, विचारलं. मी पुन्हा चारही वाक्यं बोललो, मोठ्याने. त्यांनी विचारलं, जेवून आलास का." मालकांनी पेनाला टोपण लावलं. "मग तिकडच्या वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, त्यांना बऱ्याच वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही."